वाढत्या शहरात राहायला जाण्याआधी स्वतःचं कारण कसं तपासावं

घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेणं हे माझं काम आहे. घरात किती माणसं आहेत, कुठून आली, केव्हा आली, कामाला कशाने जातात, जायला किती वेळ लागतो, असे प्रश्न असतात. बसचे नवे मार्ग, पाण्याच्या टाक्या, शाळांच्या इमारती यांचे अंदाज पुढे याच उत्तरांवरून बांधले जातात. ‘इथे का आलात?’ या प्रश्नापुढे फॉर्मवर एकच रकाना असतो आणि त्यात बहुतेक जण ‘नोकरी’ असं सांगतात. फॉर्म मिटवून मी निघाले की दारात उभं राहून दुसरं उत्तर येतं. जुन्या घरात दोघांना निवांत बोलायलाही जागा नव्हती. मुलीला पुढे शिकायचं होतं आणि तिथे कॉलेज नव्हतं. धाकटा भाऊ आधीच इकडे होता. इथे कोणी कोणाच्या चौकश्या करत नाही. ही उत्तरं माझ्या रकान्यात बसत नाहीत, पण माणसं हलतात ती यांच्यामुळे.

अशा असंख्य दारांत उभं राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. शहर वाढतंय एवढ्यावरून तिथे जायचं ठरवू नये. ते ज्या कारणाने वाढतंय ते कारण तुमच्या घराला लागू पडतं का, हे पाहावं. शिवाय त्या शहरात जायचं हा एक निर्णय आणि शहरात राहायचं की उपनगरात हा दुसरा. दोन्हींची कारणं वेगळी असतात. लोक त्यांची गल्लत करतात आणि मग नोकरीसाठी आलेलं माणूस नोकरीपासून दोन तास लांब राहायला लागतं. म्हणून पुढच्या गोष्टी सामान बांधण्याआधी करा, आगाऊ रक्कम देण्याच्याही आधी.

प्रत्येकाने आपलं कारण वेगळं लिहावं

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने वेगळं बसून दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची: इथून का निघायचं आणि तिथेच का जायचं. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर त्यांनाही कागद द्या. वेगळं बसून लिहायचं, कारण एकत्र बसलं की जो आधी बोलतो त्याचं कारण सगळ्यांचं होतं. माझ्यासमोर हे रोज घडतं.

मग कागद शेजारी ठेवून वाचा. एव्हरेट ली या अभ्यासकाने १९६६ मध्ये स्थलांतर समजून घ्यायला चार गोष्टी पाहायला सांगितल्या: जिथून निघायचं तिथली परिस्थिती, जिथे जायचं तिथली परिस्थिती, मधले अडथळे आणि जाणाऱ्या माणसाची स्वतःची स्थिती. यातली चौथी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. चांगली शाळा जवळ असणं हे शाळकरी मुलांच्या आईबापांना ओढून नेतं. ज्यांच्या घरात मूल नाही त्यांना त्याचं काहीच नाही, उलट त्या शाळेमुळे वाढलेलं घरभाडं मात्र त्यांनाही भरावं लागतं. एकाच गावाबद्दल दोन शहाणी माणसं दोन टोकांची मतं देतात ती याचमुळे.

‘का निघायचं’ हीच यादी लांब असेल आणि ‘तिथेच का’ खाली दोन ओळी असतील, तर पहिल्या यादीतल्या एकेका कारणापुढे लिहा: हे मागे राहील की बरोबर येईल? पाण्याची टंचाई मागे राहते. कामाची वानवाही राहील. कर्ज बरोबर येतं. नवरा-बायकोतला अबोला बरोबर येतो आणि नव्या जागी मध्यस्थी करायला जवळचं कोणी नसतं.

आता ज्या बाबतीत मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते. फॉर्मवर ‘कुटुंबासोबत आले’ असा एक पर्याय असतो. तो सांगणाऱ्या बाईला मी पुढचा प्रश्न विचारते, आधी काय काम करत होता? उत्तर येतं: शिकवत होते, शिवणाचं काम होतं, दुकान होतं, हिशेब लिहीत होते. आणि मग, ‘इकडे आल्यावर सुटलं.’ अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्ये नेमकं हेच मांडलं. कुटुंब म्हणून बेरीज फायद्याची निघाली तरी त्यातल्या एकाला तोटा होऊ शकतो, आणि तरीही तो माणूस बांधल्यासारखा बरोबर जातो. तुमच्या घरात असं कोण आहे ते निघण्याआधी नाव घेऊन बोला. त्या व्यक्तीला नवं काम शोधायला किती महिने देणार, तोपर्यंत तिच्या हातात स्वतःचे पैसे कसे राहणार, तिच्या कामासाठी राहण्याची जागा कुठे असलेली बरी, हे ठरल्याशिवाय घर बघायला जाऊ नका. बहुतेक वेळा ज्याची नोकरी पक्की आहे त्याच्या सोयीने घर घेतलं जातं. खरं तर ज्याला अजून काम शोधायचंय त्याला गजबजलेल्या भागाच्या जवळ राहण्याची जास्त गरज असते.

शहर कशामुळे वाढतंय ते शोधा

लोकसंख्या वाढली असं आपण वाचतो तेव्हा सगळे बाहेरून आले असं धरून चालतो. शहराची लोकसंख्या तीन वाटांनी वाढते: तिथेच मुलं जन्मतात, बाहेरून माणसं येतात आणि आजूबाजूची गावं हद्दीत घेतली जातात. तिसऱ्या वाटेने आकडा एका रात्रीत फुगतो आणि एकही माणूस हललेला नसतो. जनगणनेचे तक्ते बघताना आधी हद्द बदलली का ते पाहा.

मग, येणारे कशासाठी येताहेत? एका उद्योगासाठी की अनेक? अमेरिकेतल्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास होती. शहर मोटारींच्या कारखान्यांवर उभं होतं. कारखाने बाहेर गेले, सुस्थितीतली बरीच कुटुंबं उपनगरांत गेली, आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसहा लाखांच्याही खाली आली होती. उलट चीनमधलं शेनझेन १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झालं आणि २०२० पर्यंत पावणेदोन कोटींवर गेलं. तिथे सुरुवात साध्या जुळणीच्या कारखान्यांपासून झाली, पण पुढे इलेक्ट्रॉनिक्स, दूरसंचार, बंदर, वित्तव्यवसाय असं एकावर एक येत गेलं. तुम्ही जाणार त्या शहरात चार वेगवेगळ्या उद्योगांची नावं घेता येतात का, ते पाहा. बांधकाम त्यात धरू नका. भराभर वाढणाऱ्या गावात पुष्कळ कामं ही येणाऱ्यांसाठी घरं बांधण्याचीच असतात, आणि येणारे कमी झाले की ती सगळ्यांत आधी थांबतात.

पगार नको, कामं मोजा

पगाराचा आकडा ऐकून निर्णय घेणाऱ्यांसाठी एक साधं गणित आहे. जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये दाखवलं की शहरात बेकारी असली तरी माणसं का येत राहतात: ती तिथला पगार आणि तो मिळण्याची शक्यता यांचा गुणाकार करत असतात. हा गुणाकार तुम्ही मनात न करता कागदावर करा. तिथला पगार आजच्या दीडपट आहे, पण नोकरी मिळण्याची शक्यता निम्मी, तर अपेक्षित कमाई आजच्या पाऊणपट होते. नोकरी हातात असेल तर शक्यता पूर्ण एक. नुसती आशा असेल तर तिचा आकडा खरा घाला.

पण मोठ्या शहराची खरी ताकद पहिल्या नोकरीत नसते. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच लिहिलं होतं की एकाच धंद्याची माणसं एका ठिकाणी जमली की कसबी हात सहज मिळतात, पूरक धंदे शेजारी उभे राहतात आणि कामातल्या युक्त्या एकमेकांकडून आपोआप शिकल्या जातात. एडवर्ड ग्लेझर आणि डेव्हिड मारे यांनी २००१ मध्ये अमेरिकेतली आकडेवारी तपासली, तेव्हा शहरातला जादा पगार आल्याबरोबर सगळा हाती पडत नाही, तो वर्षांगणिक चढत जातो, असं दिसलं. शहर सोडल्यावरही त्यातला बराचसा टिकतो, कारण तो शिकलेल्या कामाचा असतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या बचतीवरून शहराला नापास करू नका. आणि ज्या कामात नवीन शिकायला काही मिळत नाही, त्यासाठी मोठं शहर गाठताना दोनदा विचार करा.

व्यवहारात हे असं करा: तुमच्या कसबाला घेणारे वेगवेगळे मालक त्या शहरात किती आहेत ते मोजा. जाहिराती बघा, त्याच धंद्यातल्या माणसाला विचारा. पाच-सहा असतील तर पहिली नोकरी सुटली तरी घर हलवावं लागणार नाही. एकच असेल तर तुम्ही शहरात नाही, एका मालकाच्या दारात राहायला चालला आहात, आणि मग घर विकत घेणं धोक्याचं.

शहर की उपनगर

शहरांचे अभ्यासक विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये या निवडीचा हिशेब मांडला. मध्यापासून जितकं लांब जाल तितकी जागा स्वस्त, मोकळी, मोठी, आणि तितका प्रवास लांब. एका हाताने जागा घ्यायची, दुसऱ्याने वेळ द्यायचा. घर शोधताना जागेची मापं काटेकोर घेतली जातात. खोलीची लांबी, ओट्याची उंची, सगळं. प्रवासाचं माप मात्र बिल्डरच्या माणसाने सांगितलेलं असतं.

चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक निरीक्षण मांडलं. माणसं कुठल्याही काळात, कुठल्याही शहरात दिवसाला सरासरी तासाभराच्या आसपास प्रवास करतात. पायी चालण्याच्या काळात शहरं पाचेक किलोमीटर रुंद होती, वाहनं वेगवान झाली तशी शहरं पसरली, पण तो तास फारसा बदलला नाही. माझ्या फॉर्मवर याहून कितीतरी मोठे आकडे भरलेले असतात, आणि ते भरणाऱ्यांचे चेहरे मी पाहते. जर्मनीतल्या घरांची वर्षानुवर्षं केलेली पाहणी वापरून अलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी २००८ मध्ये तपासलं की लांबच्या प्रवासाची भरपाई जास्त पगाराने किंवा स्वस्त घराने होते का. होत नाही, असं निघालं. लांबून येणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी होते. मोठ्या खोलीची सवय होऊन जाते, रोजच्या रखडण्याची होत नाही.

म्हणून घर पक्कं करण्याआधी तो प्रवास स्वतः करा. सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, आणि दोन्ही बाजूंनी. त्या इमारतीच्या फाटकातून निघायचं आणि कामाच्या दारात पोचायचं. स्टेशनवर किंवा हायवेला लागल्यावर घड्याळ लावू नका. उपनगरांत वेळ जातो तो घर ते स्टेशन या शेवटच्या टप्प्यात, तिथे ना बस असते ना चालायला नीट फूटपाथ. रात्री उशिराचा परतीचा प्रवासही एकदा करून पाहा. घरातल्या मुलीला, बहिणीला एकटीने तो करावासा वाटेल का, हे तिलाच विचारा. शक्य असेल तर पावसातही एकदा.

‘नवा रस्ता होतोय, मग वीस मिनिटांत पोचाल,’ असं सांगितलं जाईल. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिलं होतं की गर्दीच्या वेळचा मोकळा रस्ता मोकळा राहत नाही. दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या वेळी किंवा दुसऱ्या वाहनाने जाणारे त्याच्यावर येतात आणि कोंडी पूर्वीइतकी होते. वाढत्या उपनगरात तर त्या रस्त्याच्या भरवशावर आणखी घरंही उभी राहतात. रेल्वेची गोष्ट जरा वेगळी आहे. जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांनी १९१० मध्ये ओसाकाबाहेर रेल्वेमार्ग सुरू केला आणि त्याच मार्गालगत घरं बांधून हप्त्यांवर विकली. तिथे गाडी आणि घर एकाच मालकाची जबाबदारी होती, त्यामुळे घर घेणाऱ्याला गाडी मिळणारच होती. तुमच्याकडे घर विकणारा एक आणि गाडी आणणारा दुसरा असेल, तर विकणाऱ्याचा शब्द गाडीच्या बाबतीत धरू नका. जागेवर जाऊन खांब उभे राहिलेत का ते बघा. नकाशावर तुटक रेषेने दाखवलेलं स्टेशन आज नाही असं समजूनच हिशेब करा.

उपनगरात सगळं उशिरा येतं हेही लक्षात ठेवा: आधी माणसं, मग दुकानं, मग शाळा, दवाखाना, ड्रेनेज. पाणी नळाने येतं की टँकरने, हे विकणाऱ्याला नको, तिथे वर्षभर राहिलेल्या माणसाला विचारा, आणि उन्हाळ्याबद्दल विचारा. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स टीबू यांनी १९५६ मध्ये म्हटलं होतं की माणसं कर आणि सेवा बघून आपली नगरपालिका पायांनी निवडतात, म्हणजे जी बरी वाटते तिच्या हद्दीत राहायला जातात. तसं निवडायचं तर वेशीची रेघ माहीत हवी. रस्त्याच्या अलीकडची सोसायटी एका पालिकेत आणि पलीकडची दुसऱ्या हद्दीत असू शकते. कचरा कोण उचलतं यावरून ते चटकन कळतं.

मुलांचं वय

मुलांसाठी जातोय, असं पुष्कळ जण सांगतात. मग मुलांचं वय बघून जा. अमेरिकेत १९९० च्या दशकात पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून, बऱ्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत देण्यात आली. राज चेट्टी, नथॅनियल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २०१६ मध्ये त्या मुलांची पुढची कमाई तपासली. हलताना जी तेरा वर्षांच्या आत होती, त्यांची विशी-पंचविशीतली कमाई जवळजवळ ३१ टक्के जास्त निघाली. जी त्याहून मोठी होती त्यांना फायदा दिसला नाही, थोडा तोटाच दिसला. प्रयोग एका देशातला आहे, पण त्यातली समज कुठेही उपयोगी पडेल: चांगल्या आसपासात मुलाची किती वर्षं जाणार, यावर खूप काही अवलंबून असतं. मूल लहान असेल तर घर थोडं छोटं चालेल, वस्ती चांगली घ्या. दहावीच्या आसपासचं असेल तर त्याच्या मित्रमंडळींची, शिक्षकांची साखळी तोडण्याआधी वर्षभर थांबता येतं का पाहा, किंवा एकाने आधी पुढे जावं.

कोणाला विचारायचं

बहुतेक माणसं तिथे आधी गेलेल्या नातेवाइकाला विचारतात. वाटा अशाच पडतात. एकाने जायचं, त्याने दुसऱ्याला खोलीत जागा द्यायची, तिसऱ्याला कामावर लावून द्यायचं. हा आधार फार मोठा आहे, तो असेल तर अर्धी काळजी मिटते. पण ज्याने तिथे घर घेतलंय, हप्ते भरतोय, तो ते शहर वाईट आहे असं सहसा म्हणणार नाही.

आमच्या पाहणीतही हीच मर्यादा असते. मी दार वाजवते तेव्हा आत टिकलेली माणसं असतात. परत गेलेल्यांचं दार मला सापडतच नाही. भूगोलाचे अभ्यासक रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे स्थलांतराचे नियम मांडले, त्यातला एक मला नेहमी आठवतो: माणसांच्या प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. तुमच्या ओळखीत त्या शहरातून परत आलेलं कोणी ना कोणी असेल. त्याला शोधा, आणि ‘का परत आलास?’ असं न विचारता ‘कोणत्या महिन्यात परतायचा विचार पहिल्यांदा आला आणि त्या आठवड्यात काय झालं होतं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक अब्रू सांभाळून उत्तर देतात, दुसऱ्याला खरं. कोणी घरमालकाने अचानक भाडं वाढवल्याचं सांगेल, कोणी आजारपणात दवाखान्यात सोबत बसायला माणूस नसल्याचं. ती यादी तुमच्या कागदाला जोडा आणि प्रत्येक ओळीपुढे तुमची तरतूद लिहा.

आधी भाड्याने, आणि परतीची वाट ठरवून

पहिलं वर्ष भाड्याने राहा, शक्यतो ज्या भागात पुढे घर घ्यावंसं वाटतं तिथेच. पावसाळा, उन्हाळा, शाळेचं नवं वर्ष, एक मोठं आजारपण, एवढं एका वर्षात बहुधा दिसून जातं. जुनं घर असेल तर लगेच विकू नका. तिथली कागदपत्रं, बँकेचं खातं, मुलांचे शाळेचे दाखले यांच्या प्रती नीट लावून ठेवा.

आणि निघण्याआधी घरात बसून ठरवा की कोणत्या गोष्टी घडल्या तर आपण परत फिरायचं किंवा निदान घर बदलायचं. उदाहरणार्थ, अमुक महिन्यांत दुसऱ्याला काम मिळालं नाही, प्रवास रोज अमुक तासांवर गेला, मुलाची झोप आणि अभ्यास सावरला नाही. आकडे तुमचे तुम्ही घाला. ते त्याच कागदावर लिहा, सगळ्यांनी खाली सही करा, आणि पहिल्या भाडेकराराचं नूतनीकरण करण्याच्या महिनाभर आधी तो कागद बाहेर काढून प्रत्येकाला पुन्हा वेगळं बसून उत्तरं लिहायला द्या.